विहिरीची रस्त्याकडची बाजू

आमच्या गावात फौजेतून आलेल्या कुणालाही मेजर म्हणतात. स्वयंपाकी म्हणून गेलेला असो की ड्रायव्हर म्हणून, परत आला की मेजर. आमचे हे लेफ्टनंट कर्नल होऊन निवृत्त झाले, तेही इंजिनिअर. पण गावात पाय टाकला त्या दिवसापासून तेही मेजरच. मला राग यायचा. ह्यांना कधी आला नाही. "हाक मारली की ती मला आहे हे कळतं ना, मग झालं," म्हणायचे.

मी ह्यांचं नाव घेत नाही, आजवर घेतलं नाही, इथंही घेणार नाही. ते जाऊन आता दुसरं वर्ष चालू आहे. लोक भेटायला येतात तेव्हा त्यांच्या नोकरीबद्दल बोलतात, डोंगरात बांधलेल्या रस्त्यांबद्दल, पुरात टाकलेल्या पुलांबद्दल. मीही हो हो करते. पण मला आठवतं ते सगळं त्यांच्या शेवटच्या तीन-चार वर्षांतलं आहे, आणि ते कुणी विचारत नाही.

माझं माहेर नवीन जालन्यातलं. वडील बँकेत होते. लग्न ठरलं तेव्हा मुलगा फौजेत इंजिनिअर आहे एवढंच मला सांगितलेलं. लग्नानंतर पुष्कळ वर्षं मी त्यांच्याबरोबर राहिले कमी आणि त्यांची वाट पाहिली जास्त. फौजेतले पूल कसे असतात हे मला फार उशिरा कळलं. ते लोखंडाचे तुकडे जोडून रातोरात उभे करायचे आणि गरज संपली की उचलून न्यायचे. त्यामुळे आयुष्यभर बांधकाम केलेल्या ह्या माणसाकडे मला दाखवायला एकही बांधलेली गोष्ट नव्हती. एकदा एका नदीवरून जाताना गाडी थांबवून म्हणाले, "इथं होता." मी बघितलं तर नुसतं पाणी.

एकदा एका भूकंपानंतर त्यांच्या तुकडीला ढिगारे उपसायला पाठवलं होतं. तिथून परत आल्यावर बरेच दिवस गेले. मग जेवताना एकदम म्हणाले, "ढिगाऱ्यावर जे पहिल्यांदा धावून येतात ना, जीव तोडून, ओरडत, त्यांच्याच पायांनी खालचा माणूस मरतो. मी बघितलंय."

ह्यांचे वडील हे लहान असतानाच गेले. धाकट्या भावानं, म्हणजे आमच्या भावजींनी, शाळा सोडून औत धरलं, म्हणून हे इंजिनिअरिंगला जाऊ शकले. हे मला सासूबाईंनी सांगितलं. भावजींनी कधीच नाही. ते दरवर्षी आम्ही जिथं असू तिथं कुणाच्या तरी हाती तूरडाळ आणि ज्वारी पाठवायचे. निवृत्तीनंतर लेक पुण्याला बोलवत होती. हे म्हणाले, "मी गावाला जाणार. तिथं माझा भाऊ आहे." एवढंच कारण.

गाव मंठ्याच्या अलीकडे, मोठ्या रस्त्यापासून थोडं आत. दोन घरं, मधे एकच अंगण. माझी जाऊ, धाकटी म्हणते मी तिला, फार कामसू आणि अबोल. ह्यांच्याशी ती कधी थेट बोलत नसे. डोक्यावर पदर घेऊन मला सांगायची आणि मी ह्यांना सांगायचे, ते समोर बसलेले असले तरी. भावजी मात्र उलटे, बोलके आणि खोडकर. सकाळी दोघं भाऊ ओट्यावर चहा घ्यायचे. हे काही सांगायचे, पाइप असा टाक, गोठ्याचं छत तसं घाल, आणि भावजी मान हलवून बरोबर उलटं करायचे.

"दादा, तुह्या फौजेत सिमेंट सरकारचं असतंय," म्हणायचे.

हे हसायचे. मी त्यांना इतकं हसताना आधी कधी पाहिलं नव्हतं.

एका उन्हाळ्यात शेतातली विहीर अजून खोल करायचं ठरलं. आमच्याकडे विहिरीला वर काळी माती, खाली मुरूम आणि त्याखाली खडक. ही विहीर जुनी, वरून बांधून काढलेली नव्हती. ह्यांचं म्हणणं, आधी कडा बांधून घ्या, मग सुरुंग लावा. खडकाला हादरा बसला की वरचा मुरूम सुटतो. भावजींचं म्हणणं वेगळं होतं, आणि तेही वेडेपणाचं नव्हतं.

"आधी पाणी लागू दे, मंग बांधू. कोरड्या विहिरीला पगडी कशाला?"

ह्यांनी दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा नाही. शेती भावजींची होती, तिथं त्यांचाच शब्द शेवटचा, असं हे मानायचे. सुरुंग झाले. फोडलेला दगड आणि मुरूम यारीनं, म्हणजे विहिरीवरच्या क्रेननं, वर ओढून काठावरच टाकला, त्याचा मोठा ढिगारा झाला. मग एक दिवस वळीव आला. जोराचा नव्हता, पण उन्हाळ्यात भेगाळलेल्या काळ्या मातीनं ते सगळं पाणी आत घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि धाकटी अंगणात चुलीवर कुरडयांचा चीक हाटत होतो. चीक हाटताना हात थांबवता येत नाही, नाहीतर गाठी होतात. एक मजूर शेताकडून पळत आला. अंगणात येऊन उभा राहिला.

"विहीर बसली. मालक खाली हायेत."

धाकटीच्या हातातलं लाकूड पातेल्यातच राहिलं. हे ओट्यावर होते. गुडघ्यांमुळे ते काठी घेऊन चालत. त्या दिवशी काठी ओट्यावरच पडून राहिली. मी त्यांना पळताना पाहिलं, आणि मला पहिली भीती ह्यांचीच वाटली.

आम्ही पोचलो तेव्हा अर्धं गाव तिथं होतं. विहिरीच्या एका बाजूची माती आत सरकली होती. भावजी पाणी लागलं का बघायला उतरले होते आणि छातीपर्यंत गाडले गेले होते. पण जिवंत होते. आवाज येत होता. दोघं-तिघं कमरेला दोर बांधून उतरायच्या तयारीत होते, काठावर माणसं वाकून बघत होती, कुणीतरी ट्रॅक्टर अगदी जवळ आणून उभा केला होता, चालू.

"मागं व्हा!"

हा आवाज ह्यांचा आहे हे मला लगेच कळलं नाही. घरात मी तो कधी ऐकला नव्हता. लोक खरंच मागं झाले. ह्यांनी आधी ट्रॅक्टर बंद करायला लावला. मग पोटावर पालथे पडून सरकत काठापर्यंत गेले आणि बराच वेळ नुसतं बघत राहिले. उठले तेव्हा सदऱ्यावर ओली माती होती. शाळेत मैदान आखायची पांढरी फक्की असते, ती आणायला माणूस पाठवला. विहिरीभोवती, बऱ्याच अंतरावर, त्यांनी फक्कीची रेघ मारली. "ह्याच्या आत मी सांगेन तोच येईल."

आणि मग त्यांनी जे सांगितलं ते कुणालाच कळेना. काठावरचा तो दगडमुरुमाचा ढिगारा आधी हलवायचा. यंत्रानं नाही, हातानं, घमेल्यानं, माणसांची रांग लावून.

"माणूस खाली मरून राह्यला अन् मेजर वरची माती उचलून राह्यले," कुणीतरी मागून म्हणालं. हळू नाही म्हणालं.

धाकटी रेघ ओलांडून पुढं गेली. डोक्यावरचा पदर खांद्यावर पडला होता. ती ह्यांच्या पायाशी बसली आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याशी थेट बोलली.

"दादा, आधी त्यान्ला काढा. माती मंग उचला."

हे खाली वाकले. "त्याच्यासाठीच चाललंय बाई. हा ढिगारा काठावर वजन देतोय. हा आत गेला तर काढायला कुणी राहणार नाही."

तिला कळलं की नाही ते माहीत नाही. ती उठली आणि तिनंच पहिलं घमेलं उचललं. मग सगळे लागले. मीही. तो ढिगारा संपतच नव्हता. खालून भावजींची हाक आली की सगळ्यांचे हात थांबायचे, आणि हे ओरडायचे, "थांबू नका."

ढिगारा अर्ध्याहून कमी झाल्यावर घरांची दारं काढून आणायला सांगितली. दारं, पत्रे, लाकडी बल्ल्या, बाजा. लोकांनी गोठ्यांची दारं बिजागऱ्यांसकट उपटून आणली. विहिरीच्या कडांना आतून टेकू द्यायचा होता, म्हणजे माती आणखी ढासळणार नाही. हे करायला कुणाला पाठवायचं हे त्यांनी विचारलंच नाही. स्वतःच्या छातीला दोर बांधला. सत्तरी ओलांडलेला माणूस. मी पुढं झाले तर म्हणाले, "हे मला येतं. बाकी कुणाला येत नाही." मी दोराची गाठ नुसती हातानं चाचपली आणि मागं आले.

त्यांच्यामागून विहिरीच्या कामातले दोन मजूर उतरले. दारं एकेक करून खाली सोडली. जरा माती झिरपली की हे मजुरांना वर पाठवायचे, स्वतः खालीच. मी रेघेवर बसून होते. तिथून दिसत काही नव्हतं, ऐकू येत होतं. आणि मला ऐकू आलं की हे भावजींशी गावाकडचं बोलत आहेत. लग्नापासून मी त्यांच्या तोंडून शुद्ध, मोजकं बोलणं ऐकलेलं. मजुरांनाही ते 'आपण' म्हणायचे.

"घाबरू नको रे. मी हाय ना. हात दे मह्याकडं."

"दादा, पाय हायेत का न्हाई तेच कळंना."

"हायेत. कुठं जातेत?"

जरा वेळानं भावजी म्हणाले, "दादा, बघ ना, पाणी लागलं का. पायाला गार लागून राह्यलं."

खालून माती खरवडल्याचा आवाज आला. मग हे म्हणाले, "लागलं. लई लागलं."

धाकटी माझ्या शेजारी होती. तिनं माझा हात धरला. तिला वाटलं खरंच पाणी लागलं. पुढं कधीतरी हे मला म्हणाले, खाली ठणठणीत कोरडं होतं.

दुपार झाली. हे पाणी प्यायला वर आले, तेव्हा पुतण्या, भावजींचा मुलगा, पोचला. तो जालन्याला बियाण्याच्या कंपनीत कामाला आहे. फोन गेल्याबरोबर मोटारसायकलवर निघाला होता, आणि वाटेत रस्त्याच्या कामावरचा जेसीबी घेऊन आला होता. हात जोडून आणला होता म्हणे ऑपरेटरला. जेसीबी बघितल्यावर लोकांना हुरूप आला. मलाही आला, मी खोटं का बोलू?

"मोठे बाबा, रस्त्याकडून चर मारतो. तासाभरात खाली पोचतो."

"रस्त्याकडून नाही. ती बाजू सुटलेली आहे. मी आतून बघून आलोय. मशीनचं वजन आलं तर अख्खी कड आत जाईल." हे दूरच्या बाभळीकडे बोट दाखवत होते. "तिथून उतार घे. लांबून."

"तिथून घेतला तर संध्याकाळ होईल!"

"होईल."

"तवर ते राहतील का?"

पुतण्यानं ऑपरेटरला हात केला. जेसीबी निघाला, फक्कीच्या रेघेकडे. आणि हे जाऊन त्याच्या समोर उभे राहिले. हात वर केला नाही, नुसते उभे. पुतण्यानं त्यांचा दंड धरून ओढलं. ते हलले नाहीत. मागून लोक ओरडत होते, काही ह्यांच्यावर, काही पुतण्यावर. ऑपरेटरनं इंजिन बंद केलं आणि खाली उतरून लांब जाऊन उभा राहिला. पुतण्या तिथंच मातीत बसला आणि लहान पोरासारखा रडला. हे पुन्हा दोर बांधून खाली गेले.

जेसीबी मग बाभळीपासून कामाला लागला, पण त्याचा उतार खाली पोचायच्या आधी हातानंच भावजी मोकळे होत आले. ह्यांनी खालून ओरडून सांगितलं, शेवटची माती काढायच्या आधी सलाइन लागलं पाहिजे. अँब्युलन्स आली होती. तिच्यातला डॉक्टर पोरगेलासाच, पण दोर बांधून उतरला बिचारा. सलाइन लागलं. मग बाजेवर बांधून भावजींना वर घेतलं. ऊन कलायला लागलं होतं.

ते शुद्धीवर होते. तोंडावर माती, डोळे तेवढे उघडे. धाकटीकडे बघून म्हणाले, "चहा ठेव. आलोच."

गावानं टाळ्या वाजवल्या. मेजर, मेजर असा आवाज झाला. कुणीतरी ह्यांच्या पायाला हात लावला. हे विहिरीपासून लांब जाऊन एका दगडावर बसले आणि त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

भावजी जालन्याच्या दवाखान्यात पोचले, आणि दिवस मावळायच्या आत गेले.

डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं ते मी ऐकलं, ह्यांनी ऐकलं, पुतण्यानंही ऐकलं. पाय फार वेळ दाबले गेले होते. दाब निघाला की पायातलं खराब रक्त सगळीकडे जातं, हृदय बंद पडतं. सलाइन लावलं ते योग्यच केलं. "आणखी थोडे आधी निघाले असते तर... अर्थात, सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले. पुतण्यानं पहिलं वाक्य ऐकलं. ह्यांनीही पहिलंच ऐकलं. दुसरं फक्त मी ऐकलं असं मला आजही वाटतं.

दहाव्याला नदीवरून परत आल्यावर पुतण्या सगळ्यांसमोर ह्यांना म्हणाला, "मोठे बाबा, तुम्ही गणित केलं. बाप महा गेला."

हे काही बोलले नाहीत. मला वाटलं, आता बोलतील, आता समजावतील. ज्या माणसानं शेकडो जवानांना हुकूम दिले त्याला एक वाक्य सुचू नये? घरी आल्यावर मी म्हणाले, "तुम्ही सांगितलं का नाही त्याला?" तर म्हणाले, "काय सांगू? मला तरी कुठं माहीत आहे?"

मधलं अंगण तेच राहिलं, पण धाकटीनं अंगणाकडचं दार लावून घेतलं. ती मागच्या दारानं जाऊ-येऊ लागली. त्या उन्हाळ्यात कुणी कुरडया केल्या नाहीत. गावातही बोलणं फिरलं. ज्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या तेच मंठ्याच्या बाजारात सांगू लागले की जेसीबी आल्ता, मेजरनं अडवला.

हे रोज सकाळी विहिरीवर जायला लागले. चहा नाही, ओटा नाही. काठावर बसून काठीनं माती उकरायचे, चिमटीत घेऊन चुरायचे, वास घ्यायचे. घरी आले की मला प्रश्न.

"तू तिथं होतीस. मी समोर उभा राहिलो तेव्हा मशीनचं पुढचं चाक रेघेच्या आत होतं का बाहेर?"

"बाहेर."

"नक्की?"

"मी कुठं चाक बघत होते? मी तुम्हाला बघत होते."

"आठव ना जरा. आत असेल आणि कड हलली नसेल, तर माझा अंदाज चुकला."

हे असं किती महिने चाललं सांगू? मी जेवायला वाढायचे, ते घास हातात धरून विचारायचे. ढिगारा अर्धाच हलवला असता तर? दारांच्या ऐवजी नुसते पत्रे वापरले असते तर? मी म्हणायचे, तुम्ही बरोबर होतात. ते म्हणायचे, तुला मातीतलं काय कळतं. एक दिवस मी वैतागून ताट सरकवलं आणि म्हणाले, "बरं, चुकलात! चुकलात तुम्ही! झालं?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. आशेनं.

"हो का? काय बघितलंस तू? कशावरून म्हणतेस?"

त्यांना चूक हवी होती. चूक सापडली असती तर ती धरून रडता तरी आलं असतं. मी उठून आत गेले आणि तोंडात पदर कोंबला.

शाळेच्या एका खोलीची भिंत फुगली होती. मुख्याध्यापक विचारायला आले, मुलांना त्या खोलीत बसवू का नको. पूर्वी हे चहा टाकून उठले असते. म्हणाले, "मला नाही कळत. दुसऱ्या कुणाला दाखवा." मुख्याध्यापकांना वाटलं, रागावले. मी त्यांच्यामागं फाटकापर्यंत गेले आणि म्हणाले, नका बसवू मुलांना. मला त्यातलं काही कळत नव्हतं. पण कुणीतरी सांगायला हवं होतं.

पुढच्या पावसाळ्यात झडीचा पाऊस लागला, चार-पाच दिवस सूर्य दिसला नाही. एका सकाळी पुतण्या दारात उभा. डोक्यावर पोतं, अंगातून पाणी निथळत होतं. वर्षभरानं तो आमच्या दारात आला होता. मी आत बोलावलं, पण तो उंबऱ्याच्या बाहेरच थांबला.

"मोठे बाबा, विहिरीची रस्त्याकडची बाजू गेली. अख्खी. जिथं मी जेसीबी लावून राह्यलो होतो ना, तिथून पार रेघेपर्यंत."

मला वाटलं, देव आहे. मला वाटलं, आता हे उठतील, त्याच्या पाठीवरून हात फिरवतील, दोघं रडतील, आणि समोरचं दार उघडेल. पुतण्याचा चेहराही तेच मागत होता. तो बिचारा पावसात तेच द्यायला आला होता.

हे दाराबाहेरच्या पावसाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "किती दिवस पाऊस आहे?"

"लई झाले."

"मग गेली ती पावसानं. ओली माती वेगळी, त्या दिवशीची वेगळी. त्या दिवशी मशीनच्या वजनानं गेलीच असती, असं नाही म्हणता येत यावरून."

"मोठे बाबा, मी म्हणून राह्यलो ना, तुम्ही बराबर होते!"

"तू म्हणतोस. मातीनं नाही सांगितलं."

पुतण्या तसाच उभा राहिला. मग तो वळला आणि पावसात गेला. मी ह्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. मला त्यांना हलवावंसं वाटत होतं, मारावंसं वाटत होतं. "एक हो म्हणाला असतात तर काय बिघडलं असतं? त्या पोराची सुटका झाली असती. माझी झाली असती."

"खोटी सुटका," म्हणाले.

"तुम्ही भावजींना पाणी लागलं म्हणालात ना? ते खोटं चाललं?"

माझ्या तोंडून गेलं खरं. हे खाली बघत राहिले. मग अगदी हळू म्हणाले, "तो वर येणार होता म्हणून म्हणालो."

त्यानंतर त्यांनी मला चाकाबद्दल कधी विचारलं नाही. विहिरीवर जाणंही बंद केलं. मला आधी बरं वाटलं; मग कळलं की हे बरं होणं नव्हे. ते फक्त बसून असायचे. पेपर समोर, पान उलटत नव्हतं. लेक पुण्याहून आली, डॉक्टरांना दाखवलं, गोळ्या सुरू झाल्या. ती म्हणाली, चला माझ्याकडे. हे म्हणाले, "इथं माझा भाऊ आहे." लेकीनं माझ्याकडे बघितलं. मी मान फिरवली. त्यांचं डोकं शाबूत होतं, काय बोललो हे त्यांना नीट माहीत होतं.

थंडीत छातीत कफ भरला. जालन्याला नेलं. दवाखान्यात रात्रंदिवस पुतण्याच होता. पाठ चोळायचा, थुंकी पुसायचा, गरम पाणी आणायचा. त्या दिवसाबद्दल दोघं एक अक्षर बोलले नाहीत. शेवटचे दोन दिवस ह्यांनी त्याचा हात धरून ठेवला होता एवढं मी पाहिलं. तो धरला होता माफी म्हणून, माया म्हणून, की नुसता श्वास लागत होता म्हणून, ते मला सांगता येणार नाही. दुपारी, मी पेज गाळत असताना, गेले.

जालन्यातले काही माजी सैनिक आले, ओळीत उभे राहून त्यांनी सलाम केला. अग्नी पुतण्यानं दिला. त्यांच्या नोकरीबद्दल कुणीतरी चांगलं भाषण केलं.

तेरावा झाल्यावर पाहुणे गेले. मी ओट्यावर एकटी होते. समोरचं दार उघडलं आणि धाकटी अंगणातून आली. माझ्याशेजारी बसली. पदर नीट केला.

"ताई," ती म्हणाली, "एकदा तरी ते म्हणले असते, मी बराबर होतो, तर मी भांडले असते. लई भांडले असते. सगळं बोलून टाकलं असतं. मंग सुटले असते मी."

मी म्हणाले, "ते तसं म्हणणार नव्हते गं."

"माहीत हाय," ती म्हणाली. "म्हणूनच दार लावून घेतलं. समोर बसलेल्या माणसाचा राग किती दिवस करावा? तोबी आपल्यापरीस जास्ती जळून राह्यला असंल तर?"

आणि मग ती रडली, नवऱ्यासाठी की ह्यांच्यासाठी, मी विचारलं नाही. मीही रडले. लेक अजून पुण्याला बोलावते. मी जात नाही. संध्याकाळी आम्ही दोघी एकाच चुलीवर स्वयंपाक करतो. तिला ऐकू कमी येतं आता, मला दिसत कमी. विहीर पुतण्यानं बुजवून टाकली. तिथं ह्यावर्षी तूर आहे. रस्त्यानं जाताना मी तिकडे बघत नाही. ती बघते, आणि काही न बोलता माझा हात धरून मला पुढं नेते.